जुना जेसीबी की नवीन मिनी पोकलेन? (कोकणातल्या झाडतोड आणि मातीकामासाठी)

कातळकर
नमस्कार मंडळी. दापोली-मंडणगड पट्ट्यात बागेची कामं घेतो. धोक्याचे माड उतरवणं, आंब्या-फणसाची छाटणी, पडलेली झाडं कापून हलवणं, खुंट काढून जमीन सारखी करणं, आंबा-काजूचे खड्डे, गडगे (दगडी कुंपणं), क्वचित घराचा पाया. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर हे काम एकदम वाढलं. पडलेल्या बागा साफ झाल्या तरी काम थांबलं नाही, कारण मागोमाग नवीन लागवड आणि फार्महाऊसं आली.
माझ्याकडे तीन चेन-सॉ, ट्रॅक्टर-ट्रॉली आणि एक पिकअप आहे. मातीकामाला दुसऱ्याचा जेसीबी बोलावतो, आणि नेमका एप्रिल-मे मध्ये तो मिळत नाही. गिऱ्हाईक मला शिव्या घालतं, मालक फोन उचलत नाही.
समोर दोन पर्याय आहेत. एक, सात वर्षं जुना बॅकहो (म्हणजे आपला जेसीबी), मीटरवर नऊ हजार तास, मालक १५ लाख म्हणतोय. दोन, नवीन ३ टनी मिनी पोकलेन, कोटेशन २५ लाखांच्या आसपास. ज्यांनी ही मशीनं खरोखर चालवलीत त्यांनी सांगा. यूट्यूब बघून झालंय.

पिवळा_हत्ती
डोळे मिटून जेसीबी. कारण सोपं आहे. जेसीबी स्वतःच्या पायाने कामावर जातो, मिनीला पालखी लागते. एका गावात दोन तास, पुढच्या गावात तीन तास अशी कामं असली की हा फरक महिन्याच्या शेवटी दिसतो. पुढचा बकेट लोडर म्हणून ट्रॉली भरतो, मागचा खोदतो, खुंट उपटतो, दोर बांधून ओंडका ओढतो. आणि विकायला काढला तर आठवड्यात गिऱ्हाईक दारात. मिनी विकायला काढून बघा तालुक्याच्या गावात.

बोरूबहाद्दर
खुर्ची टाकून बसलोय. जेसीबी बघायला गर्दी जमते म्हणतात, ती धाग्यावरही जमते का बघू.

गडग्यावरचा_सरडा
हत्तीभाऊ, तुमचं गाव सपाटीवर आहे का? माझं गुहागरला. माडांच्या दोन ओळींत साडेसात मीटर अंतर, खाली सुपारी, त्यात पाटाचं पाणी. बॅकहो सव्वादोन मीटरपेक्षा रुंद, वर खोदायला पाय टेकवून बसायचं, बाजूला झाला की परत उचलून परत टेकवायचे. मिनी दीड मीटरच्या वाटेतून आत जातं, जागेवर गोल फिरतं आणि मागचा भाग ट्रॅकच्या फार बाहेर येत नाही, त्यामुळे गडग्याला चिकटून काम होतं. बॅकहोसाठी गिऱ्हाईकाचा गडगा आधी पाडावा लागतो, मग आपल्याच खर्चाने परत रचावा लागतो.
हे झालं गुणगान. आता उणं. ट्रॉली भरायला मिनी म्हणजे वैताग. पुढच्या आडव्या ब्लेडने माती पसरते, पण उचलून गाडीत टाकायची तर चमच्या-चमच्याने. आणि धार असलेल्या जांभ्यावर रबरी ट्रॅक कापले जातात. आमच्याकडे मुरूम-मातीवर जितके चालतात त्याच्या निम्मेसुद्धा कातळावर टिकले नाहीत. कातळावर एका जागी वळवायचं नाही, लांबून वळण घ्यायचं, हे ऑपरेटरला रोज सांगावं लागतं.

कातळकर
सरडा, माझीही तीच जागा, तीच अडचण. पण माझी साधारण निम्मी कामं रस्त्याला लागून असतात. तिथे बॅकहो आरामात जातो. म्हणून तर गोंधळ.

हिशोबनीस
तुम्ही सगळे मशीनबद्दल बोलताय, मी तासांबद्दल बोलतो. कातळकर, आधी एक सांगा, सीझनमध्ये महिन्याला किती तासांचं मशीनकाम तुम्ही बाहेरून करून घेता?

कातळकर
ऑक्टोबर ते मे, सरासरी ८० तास धरा. एप्रिल-मे मध्ये जास्त. पावसात शून्य.

हिशोबनीस
मग हे बघा. तुमच्याकडचा भाव तासाला १२०० धरतो.
आधी नवीन बॅकहो, फक्त तुलनेसाठी. तासाला ५ लिटर डिझेल म्हणजे साधारण ४६० रुपये. सर्व्हिस, ग्रीस, बकेटचे दात, टायर, होज यासाठी तासाला १०० बाजूला टाका. हातात ६४०. आता ३० लाख कर्ज, साडेदहा टक्के, चार वर्षं. हप्ता ७७ हजारांच्या जवळ. ऑपरेटर भत्त्यासकट २५ हजार, विमा महिन्याला ४ हजार. महिन्याचा बांधील खर्च १ लाख ६ हजार. वर्षाचा पावणेतेरा लाखांच्या आसपास. तो ६४० ने भागला तर वर्षाला जवळपास २००० तास. तुमचे कामाचे महिने आठ. म्हणजे महिन्याला २५० तास. रोज आठ तासांप्रमाणे २६ दिवस चाललं तरी २०८ होतात. गणित तिथेच संपलं.
नवीन मिनी. भाव १०००, डिझेल ३ लिटर, ट्रॅकसकट झीज १२० धरली तर हातात ६००. २० लाख कर्जाचा हप्ता ५१ हजार, त्यात ऑपरेटर आणि थोडा कमी विमा धरून एकूण ७९ हजार महिना. आठ महिन्यांत भरून काढायचं तर महिन्याला १९७ तास.
जुना बॅकहो. १० लाख कर्ज, जुन्या मशीनला व्याज जास्त, १४ टक्के आणि तीन वर्षं धरतो, हप्ता ३४ हजार. दुरुस्ती जास्त म्हणून तासाला २०० बाजूला, हातात ५४०. महिन्याला १७५ तास.
तुमच्याकडे आहेत ८०. उरलेले तास कोण देणार?

पिवळा_हत्ती
हिशोबनीस, कागदावर कुठलंच मशीन परवडत नाही, तरी गावागावात उभी आहेत ना? उरलेले तास बाजार देतो. ग्रामपंचायतीची कामं, पाइपलाइन, गाळ काढणं, लग्नाचा मांडव सपाट करणं. माणूस मशीनजवळ उभा राहिला की काम येतं.

हिशोबनीस
गावागावात उभी आहेत हे खरंच. त्यातली किती फायनान्सवाल्याने ओढून नेलेली परत विकायला आलीत, तेही विचारा. कातळकरांना मिळालेला १५ लाखांचा भाव त्यातलाच असेल.

गावठी_इंजिनियर
एक कलम सुटलं. मालक स्वतः चालवत असेल तर २५ हजार पगार वाचतो. जुन्या बॅकहोचं गणित लगेच खाली येतं. महिन्याला १०५ तासांच्या आसपास.

कातळकर
मी मशीनवर बसलो तर झाडाखाली कोण उभं राहणार? माड उतरवताना दोर कुठे बांधायचा, खाच कुठे घ्यायची हे मीच बघतो. पोरं चांगली आहेत, पण तो निर्णय मी त्यांच्यावर सोडत नाही.

ढोल्या_मिस्त्री
गणित होऊ द्या, मी त्या नऊ हजार तासांबद्दल बोलतो. पंचवीस वर्षं हात काळे करून सांगतो.
मीटरवर विश्वास ठेवू नका. मीटर बदलतो, केबल काढून ठेवतात. आता बऱ्याच मशीनमध्ये कंपनीचं टेलिमॅटिक्स असतं, त्यात तास आणि ठिकाण दोन्ही नोंदलेले असतात. मालकाला मोबाइलवर उघडून दाखवायला सांगा. टाळाटाळ केली तर तिथेच चहा पिऊन उठा.
मशीन गार असताना जा. सकाळी मालकाने आधीच चालू करून ठेवलं असेल तर गार पडेपर्यंत थांबा. गार इंजिन पहिल्या-दुसऱ्या स्टार्टला लागलं पाहिजे. ऑइल भरायचं झाकण उघडून बघा, वाफ धुरासारखी जोरात येत असेल तर पिस्टन-रिंगचं काम आलं. मग मागचा बूम पूर्ण लांबवून, बकेट जमिनीपासून हातभर वर धरून इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं बघत बसा. बकेट खाली येत गेला तर सिलिंडरची सील किंवा व्हॉल्व्ह गेलेत. पुढचे दोन हात उचलून मशीनच तोलून बघा, तेच.
पिन-बुश. बकेट जमिनीला टेकवून ऑपरेटरला हळूच डावी-उजवी करायला सांगा आणि तुम्ही पिनांकडे बघा. मागचा बूम ज्या खांबावर फिरतो त्या जोडात खडखड असेल तर तो खर्च मोठा. ब्रेकर (कातळ फोडायचा हातोडा) लावून चालवलेलं मशीन असेल तर बूमच्या वेल्डिंगवर नवा रंग शोधा. जिथे एकाच जागी रंग ताजा, तिथे तडा.
टायर विसरू नका. मागचे दोन नवीन घ्यायचे तर लाखाच्या आसपास हिशोब जातो. मग १५ लाख आपोआप १६ होतात.

भाईंदरचा_बोका
मिस्त्री, हा प्रतिसाद मी प्रिंट काढून ठेवतोय. मशीन घ्यायचं नाहीये, पण शेजाऱ्याची कार घ्यायची आहे, तीही अशीच तपासणार.

कागदपत्री
मिस्त्रींनी लोखंड सांगितलं, मी कागद सांगतो. बॅकहो हे आरटीओच्या दृष्टीने बांधकाम उपकरण वाहन, नॉन-ट्रान्सपोर्टमध्ये नोंद. आरसीवर कर्जाची नोंद असेल तर फायनान्सवाल्याचं ना-हरकत आणि फॉर्म ३५ (कर्जाची नोंद काढायचा) हातात आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. मालकी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन ठेवा. चेसिस नंबर स्वतः घासून वाचा, मालकाने पाठवलेल्या फोटोवर जाऊ नका. आणि महसूल विभागाने कधी पकडलं होतं का ते तलाठी-मंडळ अधिकाऱ्यांकडे सहज बोलता बोलता विचारा.

कातळकर
महसूलचा काय संबंध?

कागदपत्री
मुरूम, दगड, वाळू. परवान्याशिवाय गौण खनिज काढताना किंवा वाहताना सापडलं तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ (७) खाली मालाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि ४८ (८) खाली मशीन जप्त. सोडवायला २०१८ पासून पोकलेन किंवा लोडरला साडेसात लाख, डंपरला दोन लाख, ट्रॅक्टरला एक लाख आणि वर बंधपत्र. तुम्ही गिऱ्हाईकाच्या जमिनीतली माती त्याच जमिनीत पसरताय तोवर वेगळं, पण ती ट्रॉलीत भरून शेजारच्या गावात भरावाला नेली की रॉयल्टी आली. दर ब्रासला (शंभर घनफुटांना) ६०० आहे. पावती नसताना ट्रॉली रस्त्यावर काढू नका.

पिवळा_हत्ती
आणि इथे सगळे साधू बसलेत जणू, पावती फाडूनच ट्रॉली काढतात.

कागदपत्री
मी सल्ला दिलाय. साधू कोण ते तहसीलदार ठरवतील.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्याइकडे मिनीचं नाव काढलं तर लोक हसतात. शेततळं ३० बाय ३० बाय ३ मीटरचं. बाजूचा उतार एकास एक धरला तरी २१९६ घनमीटर माती, म्हणजे ७७५ ब्रासच्या वर. ते ३ टनी मशीनने काढायला बसलं तर पाऊस येऊन तळं आपोआप भरून जाईल. काळ्या मातीत २० टनी पोकलेन आणि चार हायवा (मोठे टिपर), दोन-तीन दिवसांत काम खल्लास. मशीन मातीवर आणि कामावर ठरते भाऊ, दुसऱ्याच्या अनुभवावर नाही.

गडग्यावरचा_सरडा
ठेचाभाऊ, पूर्ण सहमत. आमच्याकडे शेततळं खोदलं तर पहिल्या फुटालाच कातळ लागतो आणि मशीन तिथेच नमस्कार करतं.

कातळकर
त्यावरून विचारतो. ३ टनी मिनीला ब्रेकर लावून जांभा फुटतो का?

गडग्यावरचा_सरडा
मऊ जांभा फुटतो, सावकाश. हापूसला दहा बाय दहा मीटरवर मीटर-मीटरचे खड्डे घ्यायचे म्हटलं तर हेक्टरी शंभर खड्डे. माती असलेल्या जागी मिनी एका दिवसात बरेच उरकतं. उघड्या सड्यावर मात्र मोठं मशीन ब्रेकरसकट दोन दिवस भाड्याने आणणं स्वस्त पडतं. काजूला खड्डा दोन फुटांचा पुरतो, तिथे मिनी मस्त. पेट्रोलचा हातात धरायचा ऑगर (खड्डे पाडायचा गिरमिट) फक्त मऊ मातीत, दगड लागला की तो माणसाचं मनगट फिरवतो. त्या नादी लागू नका.

यॉर्कशायरचा_पावटा
इंग्लंडातून. मी इथे एका झाडतोड करणाऱ्या कंपनीत हिशोब बघतो, मशीन चालवत नाही, पण बिलं सगळी माझ्याच हातातून जातात. इथे मिनी डिगर निवडताना लोक सगळ्यात आधी ट्रेलर बघतात. पिकअपमागे ओढायच्या ट्रेलरची कमाल मर्यादा ३५०० किलो. त्यातून ट्रेलरचं स्वतःचं वजन आणि बकेट वजा केले की पावणेतीन टनाच्या आसपासचं मशीन बसतं, म्हणून त्या वजनाचे डिगर इथे इतके खपतात. डिसेंबर २०२१ पासून साध्या कारच्या लायसनवरही एवढा ट्रेलर ओढता येतो. कातळकरांनी मशीन बघायच्या आधी ते कशावर चढवणार ते ठरवावं असं मला वाटतं.

बोरूबहाद्दर
खेड-दापोली रस्त्याच्या वळणावर ट्रेलर मागे लावून उलटा घ्यायचा म्हटलं तर ड्रायव्हर गाडी तिथेच सोडून एसटीने घरी जाईल.

ट्रान्सपोर्ट_आप्पा
पावट्याने मुद्द्यावर बोट ठेवलं. मशीन घेणारे पन्नास लोक भेटले, त्यातल्या निम्म्यांनी मशीन आल्यावर विचारलं, आप्पा, हे न्यायचं कसं?
३ टनी मिनी लोक पिकअपमध्ये चढवतात. मी डोळ्यांनी बघितलंय. पिकअपची क्षमता दीड-पावणेदोन टन, त्यात तीन टन. घाटात ब्रेक पकडत नाहीत, आणि अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न वजनाचा विचारते. टाटा ४०७ या छोट्या ट्रकची क्षमतासुद्धा सव्वादोन-अडीच टनाच्या घरात. तिथे पावणेदोन टनाचं मशीन बसतं, तीन टनाचं नाही. तीन टनाला त्याहून मोठी, ७०९ च्या वर्गातली गाडी लागते. एकूण वजन साडेसात टनांच्या आत, रिकामी सव्वातीन-साडेतीन, म्हणजे चार टनांच्या आसपास माल.
त्या वर्गाचा एक फायदा कोणी सांगत नाही. साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसनवर चालवता येते, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते पक्कं केलं. वेगळा हेवी लायसनचा ड्रायव्हर शोधायला नको.
चढवताना रॅम्प लांब घ्या, उतार कमी. मशीन ब्लेडच्या बाजूने की बूमच्या बाजूने चढवायचं ते कंपनीच्या पुस्तकात बघा. वर गेल्यावर बूम खाली टेकवा आणि साखळी चारही कोपऱ्यांना बांधा. नुसता लाकडी ओंडका ट्रॅकखाली सरकवून निघू नका.

रानमांजर_२
मी धाग्याचा दुसरा अर्धा भाग उचलते, झाडांचा. नवरा आणि मी सांगलीकडे छाटणीची कामं घेतो. जेसीबीने झाड ढकलून पाडण्याबद्दल कोणी काही बोललंच नाही.

पिवळा_हत्ती
त्यात बोलायचं काय? मुळाशी दोन बाजूंनी खणायचं, पुढचा बकेट उंच धरून ढकलायचं. खुंटासकट झाड आडवं. चेन-सॉने कापून मग खुंट काढण्यापेक्षा निम्म्या वेळात.

रानमांजर_२
लहान सुबाभूळ, ग्लिरिसिडिया असेल तर ठीक. वाळलेल्या किंवा पोखरलेल्या मोठ्या झाडाला वर धक्का दिला की शेंडा तुटून मागे येतो, थेट केबिनवर. केबिनचं छप्पर मशीन उलटलं तर माणूस वाचवायला असतं, वरून पडणाऱ्या फांदीसाठी ते पुरेल असं धरून चालू नका. आणि माड तर ढकलायचाच नाही. त्याची मुळं जाड नसतात, दोरीसारखी पसरलेली असतात, तो कुठे कलेल सांगता येत नाही. आम्ही माड वरून तुकड्या-तुकड्यांनी उतरवतो.
दुसरं, बकेटमध्ये माणूस उभा करून फांद्या कापणं. हे सगळीकडे चालतं आणि हे सगळ्यात वाईट. होज फुटला की माणूस खाली. तारा जवळ असतील तर महावितरणला अर्ज करून लाइन बंद करून घ्या, वायरमन स्वतः येऊन सांगेपर्यंत सॉ चालू करू नका. ११ केव्हीच्या तारेला हात लागायची गरज नसते, ओली फांदी टेकली तरी पुरे.

पिवळा_हत्ती
बकेटमध्ये माणूस मीही चढवत नाही. ढकलण्याबाबत माझं मत तेच, फक्त माड आणि वाळलेली झाडं वगळून.

रानमांजर_२
चला, अर्धं तरी पटलं.

करवती
चेन-सॉची दोन वाक्यं माझी. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये चांगलं ऑइल एका लिटरला २० मिली, म्हणजे पन्नासास एक. जास्त टाकलं तर इंजिन जास्त टिकतं हा गैरसमज आहे, प्लग काळा होतो. मोठ्या आंब्याच्या बुंध्याला ७० सीसीच्या वरचं मशीन लागतं, छाटणीला ४५ सीसी भरपूर. पॉइंट ३२५ पिचच्या चेनला ४.८ मिमीची गोल कानस, ३/८ ला ५.२ ची. माडाचं खोड चेन भराभर बोथट करतं, म्हणून कानस खिशात ठेवायची. भुसा बारीक पिठासारखा पडायला लागला की थांबा आणि धार लावा. आणि पायाला चेन-सॉची संरक्षक पॅन्ट. पोरं म्हणतात उकडतं. उकडू दे.

कागदपत्री
झाडांचाही कागद. खासगी जमिनीवरचं असलं तरी आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, खैर, ऐन, किंजळ, हिरडा ही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत, परवानगीशिवाय हात लावायचा नाही. शहरात १९७५ चा वेगळा कायदा आणि वृक्ष प्राधिकरण. त्यात २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष झालंय. आणि तोडीची परवानगी मिळाली म्हणजे लाकूड हलवायची मिळाली असं नाही, वाहतूक पास वेगळा. परवानगी गिऱ्हाईकाच्या नावाने असली तरी नाक्यावर गाडी तुमची अडते. झेरॉक्स गाडीत ठेवा.

गावठी_इंजिनियर
अवांतर होतंय, पण ट्रॅक्टरचं काय? कातळकरांकडे ट्रॅक्टर आहेच. मागे पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारा चिपर लावला तर फांद्यांचा डोंगर जागेवरच चुरा होतो, गिऱ्हाईकाच्या बागेत आच्छादनाला वापरता येतो. फांद्या भरून नेण्याच्या फेऱ्या वाचतात. मला तर मशीनपेक्षा हेच आधी घ्यावंसं वाटतं.

रानमांजर_२
चिपरला पूर्ण पाठिंबा. फक्त माडाच्या झावळ्या आत गुंडाळल्या जातात, त्या सुकवून आणि थोड्या थोड्या द्या. आणि माणसाच्या गळ्यात रुमाल, उपरणं काही नको.

ट्रान्सपोर्ट_आप्पा
ट्रॅक्टर शेतीच्या नावावर असेल आणि भाड्याच्या कामावर गेला, तर विम्यात तेच सांगा आणि तशीच पॉलिसी घ्या. नाहीतर नको त्या दिवशी पॉलिसी कागदाचा तुकडा ठरते. बॅकहोच्या ऑपरेटरचंही तसंच, लायसनवर त्या प्रकारच्या वाहनाची नोंद असलेला माणूसच बसवा.

कातळकर
एवढ्या प्रतिसादांबद्दल सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येतो, कारण दोन दिवस मीही कागद-पेन घेऊन बसलो होतो. हिशोबनीसांचे आकडे माझ्या वहीशी जुळतात. ८० तासांवर एकही मशीन उभं राहत नाही. जास्तीचे तास बाहेर शोधायचे तर मी झाडांचं काम सोडून मशीनवाला होणार, जे मला नको आहे.
आप्पांच्या प्रतिसादानंतर वेगळंच डोक्यात आलं. आधी ७०९ च्या वर्गातली जुनी टिपर घ्यायची. लाकूड, फांद्या, कलमं, चिरे, पावती असलेली माती, सगळ्याला चालेल. सध्या ही वाहतूक मी भाड्याने करतो, तिचा खर्च मशीनच्या भाड्याच्या खालोखाल आहे. चिपर ट्रॅक्टरला. आणि मशीनसाठी एप्रिल-मे चे दिवस एका मालकाकडे आगाऊ पैसे देऊन आत्ताच बांधून घ्यायचे. पुढे तास वाढले तर मिनी त्याच टिपरमध्ये चढेल.

पिवळा_हत्ती
म्हणजे विचारलं जेसीबी की मिनी आणि घेतला ट्रक. वा रे वा. लिहून ठेवा, दोन वर्षांत जेसीबीच घ्याल.

हिशोबनीस
दोन वर्षांत तास १७५ झाले तर घेऊ देत की. मीच हप्त्याचं कोष्टक करून देईन. आणि हो, तेव्हा फायनान्सवाल्यांना पावसाळ्यात हलके हप्ते मागा, काहीजण देतात.

ढोल्या_मिस्त्री
नवीन मशीनच घेणार असाल तेव्हा एक लक्षात ठेवा. १ जानेवारी २०२५ पासून नवीन मशीनला धुराच्या प्रदूषणाचे स्टेज ५ चे नियम आलेत. सेन्सर, धुराची गाळणी, सगळं वाढलंय. डिझेल ड्रममध्ये साठवून, फडक्याने गाळून टाकायचे दिवस गेले. पाणी मिसळलेलं डिझेल गेलं तर गॅरेजवाला काही करू शकत नाही, लॅपटॉपवाला बोलवावा लागतो.

गडग्यावरचा_सरडा
कातळकर, एप्रिलचे दिवस बांधताना तासांत बोला, दिवसांत नको. मालक सकाळी दहाला येतो, तासभर ग्रीस मारतो, जेवायला जातो आणि पूर्ण दिवस लावतो. मीटरचा आकडा काम सुरू होताना आणि संपताना दोघांनी वहीत लिहायचा, खाली सही. येण्या-जाण्याचे तास कोणाचे तेही आधीच ठरवा, भांडण नेहमी तिथेच होतं.

कातळकर
हे लिहून घेतलं. रविवारी चिपळूणला एक टिपर बघायला जातोय. टिपर घेताना जेसीबीपेक्षा वेगळं काय बघायचं?

ढोल्या_मिस्त्री
हौदा पूर्ण वर उचलून बंद करा आणि सिलिंडरकडे बघा, सरकतो का. हौद्याखाली जाऊन बघायचं असेल तर आधी टेकू लावायचा, टेकूशिवाय खाली डोकं घालायचं नाही, मालक कितीही म्हणाला तरी. चेसिसच्या दोन्ही पट्ट्या मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) वर हाताने चाचपा, जादा वजन वाहिलेल्या गाडीत तिथे वेल्डिंग सापडतं. पाटे जास्तीचे घातलेत का मोजा. घातले असतील तर त्या गाडीने वाळू वाहिली आहे.

ट्रान्सपोर्ट_आप्पा
आणि फिटनेस, परमिट, टॅक्सची तारीख बघा, ही ट्रान्सपोर्टमधली गाडी आहे, बॅकहोसारखी नाही. ऑनलाइन चलनं थकलेली असतील तर भावातून कापून घ्या. रविवारी गाडीचे फोटो टाकलेत तर नंबर प्लेट झाकून टाका.